विधान आणि गृहीतके : सीसॅटमध्ये ६६ गुणांच्या अलीकडे अडकलेल्या एका उमेदवाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

उमेदवार मराठवाड्यातली, कला शाखेची पदवीधर. पुण्यात अभ्यासिका लावून केंद्रीय लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा आणि राज्यसेवा पूर्वपरीक्षा अशी दोन्हींची तयारी करत होती. ओळख पटू नये म्हणून नाव, वर्ष आणि काही तपशील वगळले आहेत. उदाहरणांतली विधाने तिने सोडवलेल्या प्रश्नांच्या साच्यावर नव्याने रचली आहेत.

दोन्ही परीक्षांचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, ८० प्रश्नांचा, २०० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. प्रत्येक प्रश्नाला २.५ गुण. केंद्रीय परीक्षेत २०१५ पासून आणि राज्यसेवेत २०२२ पासून हा पेपर केवळ पात्रतेपुरता आहे. ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की पुरे. न मिळाल्यास पहिल्या पेपरात कितीही गुण असले तरी उपयोग नाही. चुकीच्या उत्तराला केंद्रीय परीक्षेत एक तृतीयांश, म्हणजे ०.८३ गुण कापले जातात. राज्यसेवेत एक चतुर्थांश, म्हणजे ०.६२५.

गणित कच्चे असल्यामुळे तिने अंकगणिताचे बहुतेक प्रश्न आधीच बाजूला ठेवले होते. सगळी भिस्त उताऱ्यांवर आणि तर्कावर होती. गृहीतकांच्या प्रश्नात एक विधान देऊन, ते करणाऱ्याने न बोलता काय धरून चालले आहे ते विचारतात. त्यात आकडेमोड नसते, त्यामुळे ते तिला आपले हक्काचे गुण वाटत. अशी समजूत अनेक उमेदवारांची असते.

अडचण

केंद्रीय परीक्षेच्या धर्तीवरच्या तीन सराव चाचण्यांत तिला अनुक्रमे ५८.३३, ६०.८३ आणि ६२.५० गुण मिळाले. तिन्ही वेळा ६६ च्या आत. मार्गदर्शकांनी तिला प्रश्नप्रकारानुसार हिशेब मांडायला लावला. गृहीतकांचे एकूण २४ प्रश्न आले होते. ९ बरोबर, १३ चूक, २ सोडलेले. मिळवले २२.५, गमावले १०.८३, हाती उरले ११.६७.

चुकलेला एक प्रश्न बरोबर आला तर नुसते २.५ वाढत नाहीत. कापलेले ०.८३ ही परत येतात, म्हणजे ३.३३ गुणांचा फरक पडतो. दर चाचणीत असे तीन प्रश्न सुधारले असते तर ती तिन्ही वेळा पात्र ठरली असती.

मग त्या १३ चुकांची छाननी झाली. पाच ठिकाणी तिने निष्कर्षालाच गृहीतक समजले होते. चार ठिकाणी गृहीतक व्यवहारात खरे होते, म्हणून तिने ते धरले होते. तीन ठिकाणी ‘सर्व’, ‘फक्त’ अशा शब्दांची व्याप्ती चुकली होती. एक चूक घाईची होती. प्रश्नात ‘गृहीत धरलेले नाही’ असे विचारले होते आणि तिचा ‘नाही’ सुटला होता.

पहिला गट सर्वांत मोठा होता आणि तिला तोच पटत नव्हता. पुढचे उदाहरण पाहा.

विधान : विहिरींची पाणीपातळी आणखी खाली जाऊ नये म्हणून गावातल्या ऊस उत्पादकांना ठिबक सिंचन बंधनकारक करावे.

गृहीतक १ : पाटाने पाणी देण्यापेक्षा ठिबकने उसाला कमी पाणी लागते.
गृहीतक २ : ठिबक बंधनकारक केल्यास गावातल्या विहिरींचे पाणी उन्हाळाभर टिकेल.

तिने दोन्ही धरली. पहिले बरोबर आहे. ठिबकने पाणी वाचतच नसेल तर ही सूचना करण्यात काही अर्थ राहत नाही. दुसरे मात्र सूचना अमलात आल्यावर कदाचित घडेल असे काहीतरी आहे. बोलणाऱ्याला पातळी आणखी घसरू द्यायची नाही, एवढेच त्याने म्हटले आहे. पाणी उन्हाळाभर टिकेलच असे धरल्याशिवायही त्याचे बोलणे उभे राहते. गृहीतक विधानाच्या आधी येते, निष्कर्ष विधानाच्या नंतर. उत्तर लिहिताना तिच्या मनात ही दिशाच पक्की नव्हती.

दुसऱ्या गटातला नमुना असा. उताऱ्यात म्हटले होते की, लहान शेतकऱ्यांना बँकेचे कर्ज सहज मिळू लागले तर ते सावकाराकडे जाणार नाहीत. त्याखालचे एक गृहीतक : ‘सावकाराचा व्याजदर बँकेपेक्षा जास्त असतो.’ तिने ते धरले आणि उत्तर चुकले. तिचा प्रश्न स्वाभाविक होता : “सर, पण हे खरंच आहे ना?” खरे असेलही. पण उताऱ्याचा सगळा भर कर्ज किती सहज मिळते यावर आहे. दोघांचा दर सारखा असला तरी कागदपत्रांची कटकट नको म्हणून शेतकरी सावकाराकडे जातो, हे म्हणणे तसेच राहते. लेखकाला त्या गृहीतकाची गरज नाही. ज्याला विषयाची माहिती जास्त, तो या सापळ्यात लवकर अडकतो. पहिल्या पेपरासाठी कृषी आणि अर्थव्यवस्था वाचून आलेल्या उमेदवारांना हे विशेष नडते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिनेच सुचवला : हे प्रश्न सरळ सोडून द्यायचे. हिशेबाने तो लगेच बाद झाला. इतक्या चुका होऊनही तीन चाचण्यांत मिळून ११.६७ गुण जमेला होते. सोडले असते तर प्रत्येक चाचणीत जवळपास ४ गुण आणखी कमी झाले असते. नुकसान भरून काढायला दुसरा कोणता प्रश्नप्रकार तिच्या हाती नव्हता.

दुसरा पर्याय ती आधीपासून वापरत होती. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘एकमेव’ यांपैकी शब्द दिसला की गृहीतक बाद करायचे. हा नियम बऱ्याच शिकवण्यांमध्ये सांगितला जातो. मार्गदर्शकांनी तो मोडीत काढण्याआधी तिच्याच २४ प्रश्नांवर लावून पाहिला. २४ प्रश्नांत मिळून ४८ गृहीतके होती. त्यांपैकी १४ मध्ये असा शब्द होता. १० ठिकाणी नियम बरोबर ठरला, ४ ठिकाणी चूक. उरलेल्या ३४ गृहीतकांबद्दल नियम काहीच सांगत नव्हता. तिने मात्र न कळत त्याचा उलटा अर्थ लावला होता : असा शब्द नसेल तर गृहीतक धरायचे. तिचे बरेच नुकसान या उलट्या अर्थाने केले होते.

नियम जिथे चुकतो ते ठिकाण ओळखता येते. ‘या कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला मिळाला नाही, म्हणजे आता शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येणार नाही.’ इथे ‘दाखला फक्त याच कार्यालयातून मिळतो’ हे गृहीतक आहे आणि त्यातला ‘फक्त’ अत्यावश्यक आहे. दाखला दुसरीकडे मिळत असेल तर अर्ज अडणार नाही. निष्कर्षच इतका टोकाचा असेल तर त्याखालचे गृहीतकही टोकाचेच असावे लागते.

तिसरा पर्याय, नुसते जास्त प्रश्न सोडवणे. चुकीची सवय न बदलता पाचशे प्रश्न सोडवले तर ती सवयच पक्की होते. म्हणून तो पुढे ढकलला.

चौथा पर्याय नकाराच्या कसोटीचा. गृहीतकाचा नकार करायचा आणि विधानाशेजारी ठेवून पाहायचे. विधान कोसळले तर ते गृहीतक धरलेले आहे. विधान टिकले तर नाही. ही कसोटी तर्काला धरून आहे, पण वेळ खाते. ८० प्रश्नांना १२० मिनिटे, म्हणजे सरासरी दीड मिनिट. तरीही आधी अचूकता आणि मग वेग, असे ठरवून हाच पर्याय निवडला. निर्णय बरोबर होता, अंमलबजावणीत मात्र पहिला आठवडा वाया गेला.

काय केले

पहिल्या आठवड्यात तिने कसोटी वापरून २० प्रश्न सोडवले आणि त्यांतले ११ चुकले. प्रमाण जवळजवळ आधीइतकेच. तिला वाटले, पद्धतच निरुपयोगी आहे. मार्गदर्शकांनी पद्धत बदलली नाही. फक्त मनातल्या मनात करत होती तो नकार वहीत पूर्ण वाक्याने लिहायला सांगितला. दोन दिवसांत चूक समोर आली.

विधान : यंदा तालुक्यातल्या शाळांनी रात्रीची अभ्यासिका सुरू केली आणि दहावीचा निकाल सुधारला, म्हणून इतर तालुक्यांनीही ती सुरू करावी.

गृहीतक १ : निकाल सुधारण्यात अभ्यासिकेचा वाटा आहे.
गृहीतक २ : निकाल सुधारण्याचे एकमेव कारण अभ्यासिका हेच आहे.

दुसऱ्याचा तिने लिहिलेला नकार : ‘अभ्यासिका हे निकाल सुधारण्याचे कारण नाही.’ असा नकार ठेवला की विधान अर्थातच कोसळते, आणि गृहीतक धरले जाते. पण तो पहिल्या गृहीतकाचा नकार आहे. दुसऱ्याचा खरा नकार : ‘अभ्यासिकेशिवाय आणखीही कारणे आहेत.’ आणखी कारणे असली तरी अभ्यासिका सुरू करण्याची शिफारस टिकते. म्हणून फक्त पहिले गृहीतक धरलेले आहे.

ती प्रत्येक वाक्याच्या पार दुसऱ्या टोकाला जात होती. ‘सर्व’ चा नकार ती ‘कोणीच नाही’ असा करत होती, तो आहे ‘सगळेच नाहीत’. एक जरी अपवाद असला तरी पुरतो. ‘काही’ चा नकार ‘एकही नाही’. ‘बहुतेक’ चा नकार ‘निम्मे किंवा त्याहून कमी’. ‘फक्त क’ चा नकार ‘क शिवाय आणखीही’. ‘नेहमी’ चा ‘कधीकधी नाही’. ‘आवश्यक आहे’ चा ‘त्याशिवायही चालते’. ‘क झाले तर ख होतेच’ याचा नकार ‘क होऊनही ख न होणे शक्य आहे’, आणि ‘क झाले तर ख होत नाही’ असा तो नव्हे. पुढचे दहा दिवस तिने प्रश्न सोडवलेच नाहीत. रोज ३० सुटी वाक्ये घेऊन फक्त त्यांचे नकार लिहिले. सगळ्या प्रकरणात आमच्या मते सर्वांत जास्त फळ याच कामाचे मिळाले.

मराठी प्रश्नपत्रिकेत आणखी एक काळजी घ्यावी लागते. व्याप्ती दाखवणारा भाग पुष्कळदा स्वतंत्र शब्द नसतो, शेवटी चिकटलेले एक अक्षर असते. ‘मेहनतीमुळे यश मिळते’ आणि ‘मेहनतीमुळेच यश मिळते’ यांचे नकार वेगळे. पहिल्याचा ‘मेहनतीमुळे यश मिळत नाही’, दुसऱ्याचा ‘मेहनतीशिवाय इतर कारणांनीही मिळते’. ‘या पुलाचीही दुरुस्ती करावी’ असे म्हणणारा आणखी कशाची तरी दुरुस्ती व्हायची आहे असे धरून चालतो. ती राज्यसेवेचे प्रश्न भरभर वाचताना हे ‘च’ आणि ‘ही’ सोडून जात होती. त्यांना पेन्सिलीने गोल करायची सवय लावली.

उत्तराचा क्रमही ठरवून घेतला. आधी विधानात ‘म्हणून’ कुठे बसतो ते शोधायचे, म्हणजे सांगितलेले कारण आणि काढलेला निष्कर्ष वेगळे होतात. मग दोन्हींतली रिकामी जागा आपल्या शब्दांत एका ओळीत सांगायची. त्यानंतरच दिलेली गृहीतके वाचायची. विधानात जे उघड लिहिले आहे ते गृहीतक नसते, ते लगेच बाद. उरलेल्यांना नकाराची कसोटी.

सूचना आणि जाहिरातींच्या प्रश्नांना वेगळे वळण लागते. ‘प्रवाशांनी बेवारस वस्तूला हात लावू नये’ या सूचनेत ‘न सांगितल्यास एखादा प्रवासी हात लावू शकतो’ हे धरलेले आहे, नाहीतर सूचना लावायचे कारण नाही. ‘सर्व प्रवासी सूचना पाळतील’ हे धरलेले नाही. थोड्यांनी पाळली तरी सूचनेचा हेतू काही अंशी साधतो. ‘प्रवासी सूचना वाचतात’ असे मोघम वाक्य आले तर परीक्षेचा रिवाज ते धरण्याचा आहे. इथे मोघम वाक्य ‘निदान काही प्रवासी वाचतात’ असे वाचायचे, मग त्याचा नकार ‘कोणीच वाचत नाही’ होतो आणि सूचना निरर्थक ठरते. त्याला ‘सर्व’ समजून वाचणे हा तिचा जुना घोळ होता.

सर्वांत अवघड ठरली ती विधानात एका शब्दानेही न उल्लेखलेली गृहीतके. ठिबकच्या त्याच विधानाखाली असे गृहीतक कल्पून पाहा : ‘वाचलेल्या पाण्यावर शेतकरी उसाचे क्षेत्र तेवढ्या प्रमाणात वाढवणार नाहीत.’ क्षेत्राबद्दल विधानात काहीच नाही, म्हणून तिने असली गृहीतके नेहमीच बाद केली होती. पण नकार करून पाहा. शेतकऱ्यांनी वाचलेल्या पाण्यावर तेवढाच ऊस वाढवला तर विहिरीतला उपसा होता तितकाच राहतो, आणि ठिबक सक्तीचा हेतू फसतो. म्हणजे हे गृहीतक धरलेले आहे. त्याचे काम अडथळा नाही असे सांगण्याचे आहे. विधानात उल्लेख नाही हे बाद करण्याचे कारण होऊच शकत नाही. अध्याहृत गृहीतक न बोललेलेच असते. ज्यांना बोलण्यातल्या शब्दांशी जुळवून पाहायची सवय असते त्यांचे असे प्रश्न हमखास जातात. व्यवहारातही योजना फसतात त्या पुष्कळदा अशाच न तपासलेल्या गृहीतकांपायी, म्हणून या प्रकारावर वेळ घालवणे सार्थ आहे.

दुसरा मोठा निर्णय कोणता प्रश्न सोडायचा याबद्दलचा होता. पर्याय साधारण असे असतात : फक्त १, फक्त २, दोन्ही, एकही नाही. एका गृहीतकाबद्दल खात्री झाली की चारातले दोन पर्याय गळतात. उरलेल्या दोनांतून अंदाजाने निवडले तरी केंद्रीय परीक्षेत सरासरी ०.८३ गुणांचा फायदा होतो, राज्यसेवेत ०.९४ चा. एकाचीही खात्री नसेल तर केंद्रीय परीक्षेत चारांतून अंदाज केल्याची सरासरी बरोबर शून्य येते, राज्यसेवेत जेमतेम ०.१६. म्हणून नियम ठरला : एकाची खात्री असेल तर उत्तर द्यायचे, एकाचीही नसेल तर पुढे जायचे, आणि कोणत्याही प्रश्नावर दोन मिनिटांहून जास्त थांबायचे नाही. कसोटीही सरसकट दोन्ही गृहीतकांना न लावता ज्याबद्दल शंका आहे त्यालाच लावायची. पहिल्या आठवड्यात एका प्रश्नाला तीन ते चार मिनिटे लागत होती. पाचव्या आठवड्यापर्यंत बहुतेक प्रश्न दीड मिनिटात होऊ लागले.

निकाल

त्यानंतरच्या तीन सराव चाचण्यांत गृहीतकांचे २६ प्रश्न आले. १६ बरोबर, ६ चूक, ४ सोडलेले. हाती ३५ गुण. एकूण गुण ६७.५०, ७१.६७ आणि ७०. पुढे राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात ती पात्र ठरली.

याचे सगळे श्रेय या पद्धतीला देता येत नाही. त्याच काळात तिने शेकडेवारी आणि गुणोत्तर हे दोन घटकही केले होते, आणि त्यांचे काही गुण नक्कीच वाढले. गृहीतकांच्या प्रश्नांपुरते बोलायचे तर प्रत्येक चाचणीमागे जवळपास ४ गुणांचे १२ च्या जवळपास झाले. ६६ ची रेषा ओलांडायला एवढे पुरेसे होते, एवढेच म्हणता येते.

उरलेल्या ६ चुकांपैकी ४ लांब उताऱ्यांतल्या होत्या. उताऱ्यात लेखक दुसऱ्या कोणाचे मत मांडतो आणि पुढे ते खोडतो. तिने त्या खोडलेल्या मतामागचे गृहीतक लेखकाचे म्हणून धरले होते. नकाराची कसोटी इथे मदत करत नाही, कारण ती ज्या विधानाला लावायची ते विधानच चुकीचे निवडलेले असते. त्यासाठी ‘काहींच्या मते’, ‘असे मानले जाते’, ‘परंतु’ यांच्यापाशी थांबून हे कोण बोलत आहे, ते समासात एका अक्षराने नोंदवणे सुरू केले.

वेगळे काय करता आले असते

नकार लिहिण्याचा सराव कसोटी शिकवण्याआधी व्हायला हवा होता. कसोटी सांगायला पाच मिनिटे लागतात आणि ती कळल्यासारखी वाटते. पण तिची सगळी ताकद नकार अचूक असण्यात आहे. पहिल्या आठवड्यात पद्धत फसली तेव्हा उमेदवार ती सोडून देण्याच्या बेतात होती, आणि बरेच जण इथेच सोडून देतात.

सुरुवातीच्या २४ प्रश्नांपैकी ३ प्रश्नांची सराव चाचणीतली उत्तरेच वादग्रस्त होती. दोन ठिकाणी छापील स्पष्टीकरणात निष्कर्षालाच गृहीतक म्हटले होते. अशा उत्तरांवरून शिकणारा उमेदवार चुकीचेच शिकतो. आयोगांच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि अधिकृत उत्तरतालिका पहिल्या दिवसापासून घ्यायला हव्या होत्या. राज्यसेवेत पहिली उत्तरतालिका लागते, तिच्यावर हरकती मागवल्या जातात आणि मग अंतिम तालिका येते. दोन्हींत ज्या प्रश्नांचे उत्तर बदलले ते शोधून त्यांच्यावर एक दिवस दिला असता तर आयोग कुठली रेषा कुठे ओढतो हे लवकर कळले असते. तिने हे काम परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना केले.

बहुतेक अंकगणित सोडण्याचा सुरुवातीचा निर्णयही तपासला गेला नव्हता. तिने धरले होते की तर्काचे आणि उताऱ्यांचे प्रश्न सोपे असतील आणि ६६ साठी तेवढे पुरतील. पहिल्याच सराव चाचणीचे गुण हातात आल्यावर तो निर्णय पुन्हा मांडून शेकडेवारी आणि गुणोत्तर तेव्हाच हाती घेतले असते, तर तिला आणखी दोन चाचण्या ६६ च्या आत राहावे लागले नसते.